पांझरेच्या कांठीं

खानदेश हा प्रांत प्रवासवर्णनांत क्वचितच आढळतो. मुंबईहून नागपुरास जाणारा उतारू उन्हाच्या भीतीनें खिडकी लावून घेतो आणि ती उघडतो तों खानदेश मागें पडलेला असतो. अजिंठ्याचीं लेणीं पाहणारे लोक जळगांवास उतरतात खरे. परंतु जळगांव पाहण्यासाठीं म्हणून कोणी उतरल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. १९०६ सालीं सरकारनें ह्या प्रांताचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग केले. पुढें त्यांचे जळगांव आणि धुळें हे जिल्हे झाले, आणि १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार निराळें निघालें. नांवें बदललीं, कपाशी, केळी, वांग्याचें भरीत आणि ऊन हीं होतीं तशींच आहेत.

आमचें सारें आयुष्य ह्या प्रांतांत गेलें. छत्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकवून आम्ही निवृत्त झालों आणि जळगांवींच राहिलों. तेव्हां गेल्या मार्गशीर्षांत आम्ही जळगांवाहून अंमळनेरास व तेथून धुळ्यास गेलों, ह्याला प्रवास म्हणावें कीं नाहीं, ह्याची आमची आम्हांसच शंका आहे. अंतर शंभर किलोमीटरांच्या आंतबाहेर. परंतु ज्या गांवावरून अनेकदां गेलों आणि ज्या गांवांत तेहतीस वर्षें उतरलों नाहीं, तेथें उतरणें हा आमच्यापुरता तरी काशीहून लांबचा प्रवास होता.

बरोबर आमचे थोरले चिरंजीव होते. वय चौतीस. पुण्यास एका कारखान्यांत चांगल्या हुद्द्यावर होता. त्याचा विभागच बंद झाला आणि गेल्या चैत्रांत तो घरीं परतला. घरांत लहानमोठीं दहा माणसें. पण आठ महिन्यांत त्याच्या तोंडून दहा वाक्यें निघालीं असतील तर शपथ. हांक मारावी तेव्हां जेवावयास येई, पान पुरें न करतां उठे, आणि रात्रीं माडीवरील त्याचा दिवा उशिरापर्यंत जळत राही. आमच्या धाकट्या बंधूंनीं उपदेश करून पाहिला, भावजयीनें नवस बोलून पाहिला. आम्हीं मात्र कांहींच करून पाहिलें नाहीं. रात्रीं उठून जिन्यापर्यंत जात असूं आणि परत येऊन पडत असूं. हजारों मुलांशीं बोललेला मास्तर स्वतःच्या मुलापुढें मुका होतो, हें वाचकांतील पुष्कळ बापांस सांगावयास नको.

मार्गशीर्ष वद्य पंचमी ही आमच्या तीर्थरूपांची तिथि. श्राद्ध दरसाल जळगांवींच होतें. ह्या वर्षीं श्राद्धाचीं पानें उठल्यावर आमची सौभाग्यवती म्हणाली, "अहो, एकदां धुळ्यास जाऊन या. आणि त्याला बरोबर न्या." कां, तें तिनें सांगितलें नाहीं, आम्हींहि विचारलें नाहीं.

प्रवासांत वाचावयास आम्ही सहसा स्तोत्रांचा गुटका घेतों. ह्या खेपेस पिशवींत एक निराळेंच पुस्तक होतें. मुलाच्या पुण्याहून आलेल्या सामानांत तें आम्हांस सांपडलें होतें. एली वीझेल ह्या ज्यू लेखकाचें 'नाइट', म्हणजे रात्र. पुस्तक लहानसें, परंतु आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें, म्हणून कोश जवळ ठेवून आठ दिवसांत वाचलें. माडीवरचा दिवा कशासाठीं जळत असतो, एवढें तरी कळावें, हा हेतु होता.

हिटलरच्या जर्मनीनें सुमारें साठ लक्ष ज्यूंचा संहार केला, हें वाचकांस ठाऊक आहेच. आमच्या कोंकणांत ह्याच धर्माचे बेने इस्रायल तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारीं ते बंद ठेवीत शतकानुशतकें निर्वेध राहिले. लोक त्यांस शनवार तेली म्हणत, एवढाच काय तो भेद. युरोपांत त्याच शनिवारासाठीं माणसांस जिवंतपणीं नाहींसें करण्यांत आलें. वीझेल हा ट्रान्सिल्व्हेनियांतील सिगेट गांवचा. १९४४ च्या मे महिन्यांत त्या गांवच्या ज्यूंस मालाच्या डब्यांत कोंडून आउश्वित्झ येथें नेलें. मुलगा पंधरा वर्षांचा. पोंचल्या रात्रींच आई आणि सात वर्षांची धाकटी बहीण एका बाजूस गेल्या त्या कायमच्या. बाप आणि लेक दुसऱ्या बाजूस राहिले. पुढच्या आठ महिन्यांत त्या दोघांचें काय झालें, एवढाच त्या पुस्तकाचा विषय. पौराणिक पितापुत्रांच्या कथा आम्हीं जन्मभर शिकविल्या. परंतु अशी कथा आम्हीं वाचली नव्हती, आणि ती वाचून जें आम्हांस आठवलें तें कोणास सांगितलेंहि नव्हतें.

सकाळच्या गाडीनें आम्ही सुरतेच्या मार्गानें निघालों. जळगांव सोडल्यावर गिरणेचा पूल लागतो. पात्रांत पाणी थोडें, वाळूच अधिक. पुढें दोहों बाजूंस काळी जमीन. कापूस वेंचणीचे दिवस असल्यामुळें बायका ओटी बांधून शेतांत उभ्या होत्या आणि वेंचून झालेल्या शेतांत काळ्या पऱ्हाट्या उरल्या होत्या. मुलगा खिडकीशीं बसला होता. धरणगांवाची पाटी दिसली तेव्हां जुन्या संवयीनें आम्ही म्हणूं लागलों, "हें बालकवींचें—" आणि तेथेंच थांबलों. १८९० सालीं बालकवि ठोमरे ह्या गांवीं जन्मले. सृष्टीचा आनंद आणि मनाची उदासीनता, दोन्हीं एकाच लेखणींतून उतरविणारा हा कवि १९१८ सालीं, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, जळगांवापलीकडे भादली स्टेशनाजवळ गाडीखालीं सांपडला. आमचा मुलगा त्या वेळीं रुळांकडेच पाहत होता.

तो मान न वळवितां म्हणाला, "नाना, भादलीचें मला ठाऊक आहे. आणि माझें पुस्तक तुम्ही पिशवींत घेतलेंत, तेंहि ठाऊक आहे."

आम्हीं "बरें" एवढेंच म्हटलें. गाडी पुढें चालली होती.

हीच गाडी पुढें नंदुरबारास जाते. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं त्या गांवांत तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांवर पोलिसांनीं गोळ्या झाडल्या आणि शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती पडले. शिरीषकुमारहि पंधराच वर्षांचा. आमच्या वर्गांत हा धडा आम्हीं कितीदां शिकविला असेल. मुलें टाळ्या वाजवीत. मागें राहिलेल्या आईबापांचें पुढें काय झालें असेल, असें एकाहि मुलानें आम्हांस विचारलें नाहीं, आणि आम्हींहि आपण होऊन तो विषय काढला नाहीं. पुत्र हुतात्मा झाला म्हणजे त्याचें स्मारक होतें. बापास दुसऱ्या दिवशीं उठून दांत घासावे लागतात.

अंमळनेर हें बोरी नदीच्या कांठचें गांव. सखाराममहाराजांची समाधि, प्रतापशेटजींची गिरणी आणि १९१६ सालीं त्यांनींच उभारलेलें तत्त्वज्ञान मंदिर, हीं तिन्ही एका गांवांत असावीं, हें खानदेशासच साधावें. भक्ति, कापूस आणि वेदान्त ह्यांचा येथें तंटा नाहीं. साने गुरुजी प्रथम ह्या तत्त्वज्ञान मंदिरांतच आले होते. मग १९२४ पासून १९३० पर्यंत त्यांनीं येथील शाळेंत शिकविलें आणि छात्रालय सांभाळलें. मुलें शाळेंत गेलीं म्हणजे हे मागें त्यांच्या वळकट्या नीट करीत, कंदील पुसून ठेवीत, कोणाचे मळके कपडे पडले असले तर धुऊन टाकीत. आम्ही स्वतः मास्तर असल्यामुळें सांगतों, उपदेश सोपा. कंदिलाची कांच पुसणें अवघड.

शाळेच्या पटांगणांत मुलांची कवाईत चालली होती. एक लहान मुलगा पाय चुकत होता आणि शेजारचा थोरला मुलगा त्याला डोळ्यांनीं खुणावीत होता. आम्ही कुंपणाशीं उभे राहिलों. वीझेलच्या पुस्तकांतील एक प्रसंग आठवला. बुना येथील छावणींत बापास पायांत पाय घालून चालणें जमत नसे. त्या चुकीसाठीं एक दुष्ट मुकादम त्याला मारी. तेव्हां हा पंधरा वर्षांचा मुलगा बराकीपुढें बापाला चालावयास शिकवी. डावा, उजवा, डावा, उजवा. ज्या बापानें त्याचें बोट धरून त्याला पहिलें पाऊल टाकावयास लाविलें असेल, त्याच बापाला तो पाऊल शिकवीत होता. भोंवतीं इतर कैदी हंसत होते. बापास तें शेवटपर्यंत साधलें नाहीं.

आम्हीं हें मुलाजवळ बोललों. तो म्हणाला, "मला तो सुरीचा प्रसंग आठवतो." तोहि खराच. एकदां बापाचें नांव मरणाच्या यादींत आलें असें वाटलें. बापानें खिशांतून एक सुरी आणि एक चमचा काढून घाईघाईनें मुलाच्या हातीं दिला. आमच्याकडे घर, शेत, दागिने, भांडीं ह्यांच्या वांटण्यांवरून भाऊभाऊ कचेरीच्या पायऱ्या झिजवितात. ह्या बापाची सारी इस्टेट म्हणजे एक सुरी नि एक चमचा. त्या दिवशीं बाप वांचला. संध्याकाळीं मुलानें सुरी आणि चमचा परत केला. निराशेच्या त्या खाईंत दोघांनीं एकमेकांस दिलेली ही देवघेव वाचून आम्हीं पुस्तक मिटून ठेविलें होतें आणि बराच वेळ अंधारांत बसलों होतों.

दुपारीं अंमळनेराहून धुळ्याची एस्. टी. मिळाली. उतारू एकमेकांशीं अहिराणींत बोलत होते. ही भाषा कानीं पडली म्हणजे आम्हांस धुळें जवळ आल्यासारखें वाटे, कारण आमचें बालपण तेथेंच गेलें. धुळ्याची जुनी पेठ ब्रिग्ज ह्या इंग्रज अधिकाऱ्यानें १८१८ नंतर वसविली. सरळ रस्ते आणि त्यांना काटकोनांत येणाऱ्या गल्ल्या. गल्ल्यांना नांवांऐवजीं क्रमांक. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस ह्याच गांवीं वारले आणि त्यांचे कागद व दप्तरें सांभाळणारें संशोधन मंडळ येथेंच निघालें. शंकर श्रीकृष्ण देवांनीं गांवोगांव हिंडून समर्थांच्या संप्रदायाचीं बाडें जमविलीं, तींहि येथील वाग्देवता मंदिरांत आहेत. मेलेल्यांचा शब्द जपून ठेवणें हा जणूं ह्या गांवाचा कुळाचारच.

तुरुंगाकडे आम्ही मुद्दाम चालत गेलों. आंत जाण्याचा परवाना आम्हीं मागितला नव्हता. भिंतीबाहेरच उभे राहिलों. १९३२ सालीं ह्या भिंतीआड सत्याग्रही कैदी होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत ओळीनें अठरा रविवार विनोबांनीं त्यांना गीतेचा एकेक अध्याय सांगितला. ऐकणाऱ्यांत जमनालाल बजाज होते, आणि सारें लिहून घेण्यास साने गुरुजी बसत. आज घरोघरीं असलेलें 'गीता-प्रवचनें' हें पुस्तक तें. गुरुजींचें अक्षर भराभर चालत नसतें तर तो शब्द भिंतींतच जिरला असता.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. धुळ्याचा तुरुंग आणि आउश्वित्झ ह्यांस एका तागडींत घालणें हा अविवेक होय. येथील कैद्यास आपली शिक्षा किती महिन्यांची हें ठाऊक होतें. त्याचें नांव शाबूत होतें. दर आठवड्यास रविवार येत होता, आणि रविवारीं ऐकण्यासारखें कांहीं होतें. आपण कशासाठीं सोसतों हें तर त्यानें स्वतःच ठरविलेलें होतें. वीझेलचें नांव काढून घेऊन त्याच्या हातावर ए-७७१३ हा आंकडा गोंदला. अपराध एवढाच कीं तो ज्यू आईच्या पोटीं जन्मला. येथें सोसण्यास अर्थ होता. तेथें अर्थच हिरावून घेतला होता. म्हणून येथील धैर्याचें माप तेथें लावूं नये, आणि तेथें कोणी खचला तर त्याला दुबळा म्हणूं नये.

पण ह्याच धुळ्यांत एका पितापुत्रांची गोष्ट संपली, ती सांगावीशी वाटते. विनोबांचे वडील नरहरपंत भावे बडोद्यास असत. लहानपणीं विनोबांस त्यांच्या हातचा मार नित्याचा होता. एके दिवशीं मार मिळाला नाहीं. दुसऱ्या दिवशींहि नाहीं. पुढें विनोबांच्या ध्यानांत आलें कीं आपणांस सोळावें वर्ष लागलें आहे, आणि सोळाव्या वर्षानंतर पुत्रास मित्राप्रमाणें वागवावें हें वचन वडिलांनीं अक्षरशः पाळलें आहे. १९१६ च्या मार्चांत विनोबा इंटरच्या परीक्षेसाठीं म्हणून मुंबईस निघाले, सुरतेस उतरले आणि काशीस गेले. दोघे धाकटे भाऊहि त्याच वाटेनें गेले. तिघे मुलगे ब्रह्मचारी. घराण्याचा वंश तेथें संपला. पत्नी १९१८ सालीं गेली. नरहरपंतांनीं पुढचीं जवळजवळ तीस वर्षें बडोद्याच्या घरांत एकट्यानें काढलीं. ही निराशा कीं धीर, हें कोणीं सांगावें? शेवटच्या दुखण्यांत धाकट्या मुलानें, शिवाजीरावांनीं, त्यांना धुळ्यास आणलें, आणि १९४७ सालीं ते येथें वारले. अस्थि गोदावरींत सोडाव्या असें लोकांचें म्हणणें पडलें. नाशिक कांहीं लांब नाहीं. विनोबांनीं त्या येथेंच मातींत ठेवून वर तुळस लावावी असें ठरविलें. ज्या मुलानें एकतीस वर्षांपूर्वीं घर सोडलें होतें, त्यानें बापाला अखेर एका तुळशीच्या मुळाशीं घर दिलें.

आणि गुरुजी? ह्या तुरुंगांत ज्यांचें मन इतकें उजळलें, ज्यांनीं पुढल्याच वर्षीं, फेब्रुवारी १९३३ मध्यें, नाशिकच्या तुरुंगांत 'श्यामची आई' लिहिली, ज्यांच्या शब्दावर महाराष्ट्रांतलीं मुलें वाढलीं, त्यांनीं ११ जून १९५० रोजीं आपल्या हातानें आपली जीवनयात्रा संपविली. आम्हीं वर्गांत हें वाक्य नेहमीं गाळीत आलों. त्या दिवशीं भिंतीबाहेर उभे राहून मुलाजवळ तें उच्चारलें. धीर आणि निराशा हीं दोन निराळ्या माणसांच्या घरीं राहतात, असा आमचा समज होता. तीं एकाच घरांत राहतात. वरच्या माडीवर एक आणि खालीं एक. जिना तेवढा चालूं राहिला पाहिजे.

संध्याकाळीं आम्ही पांझरेच्या कांठीं गेलों. आमच्या तीर्थरूपांचें दहन येथेंच झालें. पाण्यावर धुकें उतरत होतें आणि पलीकडच्या वस्तींत चुली पेटल्या होत्या. दगडावर बसलों आणि जें कोणास सांगितलें नव्हतें तें मुलास सांगितलें.

१९९१ च्या मार्गशीर्षांत दादांना अर्धांगाचा झटका आला. एकोणीस दिवस ते इस्पितळांत होते. दिवसा आई बसे, रात्रीं आम्ही. शाळेच्या परीक्षा चालूं. जळगांवाहून संध्याकाळीं यावें, रात्र काढावी, पहाटेच्या गाडीनें परत जावें, असें चाललें होतें. एकोणिसाव्या रात्रीं आम्ही ओसरींतल्या बाकावर पडलों होतों. दादांनीं हांक मारली. आम्हीं ऐकली. दुसऱ्यांदा मारली, तीहि ऐकली. आतां उठलों तर ते कुशीवर वळवावयास सांगतील, मग पाणी मागतील, मग सारी रात्र जाईल, असें मनांत आलें. नर्सबाई जातील, असेंहि आलें. आम्ही उठलों नाहीं. तिसरी हांक आली नाहीं. पहाटे आंत गेलों तेव्हां सारें संपलें होतें.

लोक जमले. म्हणाले, "सुटले हो दादा." जन्मभर व्याकरण शिकविलेला मी, त्या घटकेस माझ्या मनांत उमटलें तें क्रियापद तृतीयपुरुषीं नव्हतें. 'सुटले' नव्हे, 'सुटलों'. मग आळींतल्या लोकांनीं आम्हांस श्रावणबाळ म्हटलें, आणि आम्हीं तें नांव मुकाट्यानें घेतलें. धुळ्यास न उतरण्याचें कारण एवढेंच.

येथें आम्ही जी एकवचनाची चूक केली ती तशीच राहूं देतों. ती मुलाजवळ बोलतांनाहि झाली.

वीझेलच्या पुस्तकाचा शेवट आम्हांस कां वाचवेना, हें वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. १९४५ च्या जानेवारींत रशियन सैन्य जवळ आलें तेव्हां कैद्यांस बर्फांतून चाळीसांहून अधिक मैल हांकलीत नेलें. वाटेंत एक वृद्ध धर्मगुरु आपल्या मुलास शोधीत येतो. तीन वर्षें दोघे एकमेकांस सोडून राहिले नव्हते. वीझेलला मागाहून आठवतें कीं त्या मुलानें बापास मागें पडतांना पाहिलें होतें, आणि तरीहि तो पुढेंच धांवत राहिला होता. ओझें टाकावें तसा. वीझेल देवाशीं भांडलेला. तरी त्या देवाजवळ मागतो कीं असें माझ्या हातून घडूं देऊं नको. पुढें उघड्या डब्यांतून प्रवास. त्यांच्या डब्यांत शंभर चढले होते. बुखेनवाल्डास डझनभर उतरले. तेथें बाप आजारी पडला. एका सकाळीं तो गर्दींत हरवला; मुलगा शोधावयास निघाला आणि त्याच्या मनांत आलें कीं सांपडला नाहीं तर बरें, म्हणजे मला माझ्यापुरतें जगतां येईल. तत्क्षणीं त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती जन्मभर राहिली. २८ जानेवारीच्या रात्रीं बाप पाण्यासाठीं हांका मारीत होता. गप्प राहत नाहीं म्हणून अधिकाऱ्यानें त्याच्या डोक्यावर सोटा मारला. बापाचा शेवटचा शब्द म्हणजे मुलाचें नांव. मुलगा जागचा हालला नाहीं. सकाळीं त्या फळीवर दुसराच आजारी होता.

११ एप्रिल १९४५ रोजीं ती छावणी मुक्त झाली. वीझेलनें दहा वर्षें ह्याविषयीं लिहिलें नाहीं. १९५६ सालीं यिद्दिश भाषेंत आणि १९५८ सालीं फ्रेंचमध्यें त्यानें तें छापलें. पुढें त्याला नोबेल पारितोषिक मिळालें, जगानें त्याला थोर म्हटलें, तरी तें पान त्यानें गाळलें नाहीं. आमच्या मतें त्या पुस्तकाचें सारें मोल ह्यांतच आहे. ज्या हांकेला त्या रात्रीं ओ देतां आली नाहीं, तिला त्यानें अकरा वर्षांनीं ओ दिली, आणि मग मरेपर्यंत, म्हणजे २०१६ पर्यंत, देत राहिला. त्याच्यापुढें मृत्यु उभा होता, अंगांत त्राण नव्हतें, उठता तर तोहि मारला जाता. आमच्यापुढें एक थंडीची रात्र आणि एक बाक होता. तेव्हां त्याच्या आड लपण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. एवढेंच कीं त्याच्या धैर्यानें आमचें तोंड उघडलें.

मुलगा बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग त्यानें विचारलें, "नाना, त्या बाकावर पांघरूण होतें का तुम्हांला?"

नव्हतें. तेहतीस वर्षांत हा प्रश्न आम्हांस कोणीं विचारला नव्हता. आम्हींहि स्वतःस विचारला नव्हता.

मग त्यानें आपण होऊन एका दुसऱ्या पुस्तकाविषयीं सांगितलें. अमेरिकेंतील आर्ट स्पीगेलमन ह्या चित्रकारानें आपल्या बापाची हकीकत चित्रांच्या चौकटींतून सांगितली आहे. पुस्तकाचें नांव 'माउस'. ज्यू उंदरांच्या रूपानें, नाझी मांजरांच्या रूपानें. त्याचे दोन भाग १९८६ आणि १९९१ सालीं निघाले. बाप त्या संहारांतून वांचला. पण पहिला लहान मुलगा गेला. दुसरा मुलगा नंतर जन्मला आणि भिंतीवरच्या त्या भावाच्या चित्राखालीं वाढला. बाप कंजूष, हट्टी, किरकिऱ्या. मुलगा कंटाळतो, ओरडतो, तरी पुनःपुन्हां येऊन बसतो आणि विचारतो, पुढें काय झालें? शेवटीं दमलेला बाप त्याला त्या मेलेल्या मुलाच्या नांवानें हांक मारून झोंपीं जातो. "वांचलेल्यांचेंहि सोपें नसतें," मुलगा म्हणाला. "पण तो विचारीत राहिला म्हणून बाप सांगत राहिला."

अंधार पडला होता. आम्ही उठलों. दगड निसरडे होते. त्यानें आमचा हात धरला. चालतां चालतां तो म्हणाला, "तुम्ही रात्रीं जिन्यापर्यंत येतां, तें मला ऐकूं येतें. चौथी पायरी वाजते. मग तुम्ही परत जातां." थोडें थांबून म्हणाला, "मीहि ओ देत नाहीं."

दुसऱ्या दिवशीं आम्ही धुळ्याहून चाळीसगांवच्या गाडीनें निघालों. १९०० सालीं सुरूं झालेला हा फांट्याचा मार्ग आमच्या लहानपणीं आमचें सारें जग होता. डब्यांत गर्दी होती. आम्हीं आलटून पालटून खिडकीशीं बसलों. घरीं शेवभाजीचा बेत होता. मुलानें पान पुरें केलें. सौभाग्यवतीनें तें पाहिलें आणि आम्हांकडे पाहिलें नाहीं.

नोकरी अजून लागलेली नाहीं, आणि माडीवरचा दिवा अजून उशिरापर्यंत जळतो. प्रवासानें माणसें पालटतात असें लिहिण्याची पद्धत आहे. आम्हांस तसें लिहितां येत नाहीं. आमच्यासारख्या भरल्या घरांत हांका पुष्कळ असतात, आणि प्रत्येकास वाटतें कीं दुसरें कोणी उठेल. एवढेंच सांगण्यासाठीं हा लेख. आतां रात्रीं आम्ही जिना चढतों. चौथी पायरी वाजते, आणि वरून "या, नाना" असें ऐकूं येतें. कधीं येत नाहीं. तेव्हां आम्ही पांचवी पायरी चढतों.